कंट्रोल एफला न सापडणारे किनवट

कीबोर्ड शॉर्टकट म्हणजे माउसला हात न लावता दोन-तीन कळा एकत्र दाबून संगणकाला दिलेला हुकूम. कॉपीसाठी कंट्रोल सी, पेस्टसाठी कंट्रोल व्ही, सेव्हसाठी कंट्रोल एस, शोधण्यासाठी कंट्रोल एफ. यांनी वेळ वाचतो, हे संगणकाच्या प्रत्येक क्लासमध्ये सांगतात आणि ते खरेही आहे. पण किती वाचतो, कशामुळे वाचतो आणि मराठीतून चालणाऱ्या कचेरीत तो कुठे अडतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडला की असे दिसते की निव्वळ सेकंदांची बचत फार मोठी नाही. मोठी बचत शोधण्यात, जुळवण्यात आणि एकदा लिहिलेले पुन्हा न लिहिण्यात आहे, आणि नेमकी तीच फाइलमधल्या फॉन्टवर अवलंबून आहे.

सेकंद मोजण्याचे साधन जुने आहे. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये संगणकावरच्या कामाचे बारीक तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ ठरवला. टंकलेखनाचा धंदा नसलेल्या साधारण माणसाला एक कळ दाबायला ०.२८ सेकंद लागतो. माउसने पडद्यावरची जागा गाठायला १.१ सेकंद, हात कीबोर्डवरून माउसवर किंवा उलट न्यायला ०.४ सेकंद, आणि पुढे काय करायचे ते मनाशी ठरवायला १.३५ सेकंद. मेनू उघडून कॉपी करायची तर हात माउसवर न्यायचा, मेनू गाठून क्लिक करायचे, आतला पर्याय गाठून पुन्हा क्लिक करायचे आणि हात परत आणायचा. सारे मिळून साडेतीन सेकंदांच्या आसपास. कंट्रोल सीला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. म्हणजे एका कॉपीमागे तीनेक सेकंद वाचले. दिवसात असे शंभर प्रसंग धरले तरी बचत पाच मिनिटांच्या आसपासच राहते.

शॉर्टकटने वर्षाला आठ दिवस वाचतात, असा एक दावा नेहमी ऐकू येतो. दर मिनिटाला दोन सेकंद, आठ तासांचा दिवस आणि २४० दिवसांचे वर्ष धरले की ६४ तास होतात. गुणाकारात चूक नाही. चूक गृहीतकात आहे. कोणताही कारकून दर मिनिटाला संगणकाला हुकूम सोडत नाही. तो आलेले टपाल वाचतो, खिडकीवरच्या माणसाला कोणता कागद राहिला ते सांगतो, कपाटातून संचिका काढतो, साहेबांनी हाक मारली की उठतो. या कामांना शॉर्टकट नाही.

तरीही कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आकड्यांत एक आकडा बाकीच्यांहून बोलका आहे: मनाशी ठरवायला लागणारे १.३५ सेकंद. बोटांत मुरलेल्या शॉर्टकटला हा वेळ जवळजवळ लागत नाही. नजर वाक्यावर असते, ती मेनूकडे जात नाही, आणि पत्रातल्या तिसऱ्या मुद्द्यावर असलेले मन तिथेच राहते. उलट, अर्धवट माहीत असलेला शॉर्टकट आठवण्यातच तेवढा वेळ जातो. ॲपलमध्ये काम केलेले ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता. लोकांना कीबोर्ड जलद वाटतो, घड्याळ लावले की माउस पुढे असतो, कारण कळ आठवण्यात गेलेला वेळ माणसाच्या लक्षातच येत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप कंट्रोल सीला लागू पडत नाही, पण भिंतीवर चिकटवलेल्या शंभर शॉर्टकटच्या तक्त्याला पुरेपूर लागू पडतो. असे तक्ते क्लासांच्या भिंतींवर भरपूर दिसतात. त्यांतले मुरलेले शॉर्टकट मोजायला बहुधा एका हाताची बोटे पुरतात.

हे आळसामुळे होते असेही म्हणता येत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्डच्या २५१ अनुभवी वापरकर्त्यांना विचारले गेले, तेव्हा रोजच्या हुकुमांसाठीही बहुतेकांचा भर आयकॉनवर क्लिक करण्यावरच असल्याचे दिसले. समोरचे काम आहे त्या रीतीने उरकते आहे, म्हणून माणूस नवी रीत शिकायला थांबत नाही. पलीकडे पन्नास माणसांची रांग उभी असेल तर थांबूही शकत नाही.

या कळांचा उगम सर्वसाधारण समजापेक्षा अलीकडचा आहे. कट, कॉपी आणि पेस्ट ही कल्पना लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात जिप्सी नावाच्या मजकूर-संपादनाच्या प्रोग्रामवर आकाराला आणली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या चार कळा या कामांसाठी ठरल्या. एक्स म्हणजे खोडल्याची फुली, व्ही म्हणजे वाक्यात शब्द घुसवण्याच्या खुणेचे उलटे रूप, आणि चारही डाव्या हाताच्या टप्प्यात. पुढच्याच वर्षी आलेल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणांच्या कळाच नव्हत्या. लोकांनी माउस वापरलाच पाहिजे, असा त्यामागचा हट्ट. तो टिकला नाही.

आता हाच हिशेब मराठीतून चालणाऱ्या कचेऱ्यांत, किनवटला, लावून पाहू. नांदेड जिल्ह्यातला पैनगंगेकाठचा, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. गोंड, कोलाम, आंध, परधान यांची वस्ती आणि बंजारा तांडे असल्यामुळे इथल्या कचेऱ्यांत दाखल्यांचे काम मोठे: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, शिष्यवृत्तीचे अर्ज, वनहक्काचे दावे. उपविभागीय कार्यालय, तहसील, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि सेतू केंद्रे या सगळीकडे जूनमध्ये शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की एकच गर्दी उसळते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन घातले. मुदत पाळायला ऑपरेटरच्या हाताचा वेग लागतो, आणि अर्जात चूक राहून मांडवी किंवा इस्लापूरकडच्या माणसाला परत यावे लागले तर त्याचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात.

अशा ऑपरेटरचे काम जवळून पाहिले तर त्याच्या उपयोगाचे शॉर्टकट पुस्तकातल्या यादीहून वेगळे निघतात. ऑनलाइन अर्जात नाव इंग्रजीत आणि मराठीत अशा दोन चौकटींत भरायचे असते. आधार क्रमांक, मोबाइल, ई-मेल इंग्रजीतच. पत्ता पुन्हा मराठीत. म्हणजे एका अर्जात भाषा दहा-बारा वेळा बदलायची. दर वेळी पडद्याच्या कोपऱ्यातल्या भाषेच्या खुणेवर माउस नेणारा माणूस आणि विंडोज कळ दाबून स्पेस मारणारा माणूस यांच्या कामात पडणारा फरक उघड दिसतो. जोडीला टॅब: एका चौकटीतून पुढच्या चौकटीत, आणि शिफ्ट टॅबने मागे. चौकोनात खूण करायला स्पेस, यादीतून गाव निवडायला पहिले अक्षर किंवा खालचा बाण. टॅब आणि विंडोज-स्पेस या दोन सवयींवर अख्खा अर्ज माउसशिवाय भरता येतो. 'कीबोर्डचे शॉर्टकट' म्हणताच जे आठवतात त्यांत टॅबचे नाव नसते. एन्ट्री मारणाऱ्याला मात्र तीच सर्वांत जास्त लागते.

कित्येकांना अशी शंका असते की कीबोर्ड मराठीवर असताना कंट्रोल सी चालणार नाही. विंडोजमध्ये ती चालते. मराठीच्या इनस्क्रिप्ट या कळ-मांडणीत सीच्या कळेवर म आहे. नुसती दाबली तर म उमटतो, कंट्रोलसह दाबली तर कॉपी होते. कळेची जागा महत्त्वाची, तिच्यावरचे अक्षर नाही. काही शॉर्टकट मात्र मराठीत निरुपयोगीच आहेत. वर्डमध्ये शिफ्ट एफ-थ्रीने इंग्रजी अक्षरे लहानाची मोठी होतात. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने तिथे काहीच घडत नाही. हा शॉर्टकट मराठी कचेरीतल्या तक्त्यावरही असतो, तेव्हा तक्ता कुठून उतरवला ते कळते.

खरी अडचण फॉन्टची. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत, कचेऱ्यांत रुजण्याआधी मराठी टंकन कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत होत असे, आणि अनेक टेबलांवर अजून होते. कृतिदेवात संगणक मराठी अक्षर साठवत नाही. तो इंग्रजी अक्षर साठवतो आणि त्यावर मराठी चित्र दाखवतो. 'किनवट' हा शब्द कृतिदेवात एफ, डी, यू, ओ आणि मोठा व्ही या पाच अक्षरांचा आहे: एफ म्हणजे पहिली वेलांटी, डी म्हणजे क, यू म्हणजे न, ओ म्हणजे व, मोठा व्ही म्हणजे ट. कागदावर छापले की कोणालाही काही वावगे दिसत नाही. पण त्या फाइलमध्ये कंट्रोल एफ दाबून युनिकोडमध्ये 'किनवट' टंकले तर संगणक सांगतो, असा शब्द नाही. तो खोटे बोलत नाही. त्याच्या लेखी तिथे किनवट कधी नव्हतेच.

यादी लावताना गोंधळ आणखी गमतीशीर होतो. एक्सेलमध्ये नावे अकारविल्हे लावण्याचा हुकूम दिला की तो इंग्रजी अक्षरांचा क्रम धरतो. कृतिदेवात क डीवर, म ईवर आणि पहिली वेलांटी एफवर आहे, शिवाय ती अक्षराच्या आधी टंकली जाते. परिणाम असा की कमलनंतर मारोती येतो आणि मग किशन. आणि किशनच्या पाठोपाठ दिगंबर, विठ्ठल, गिरजा असे सारे पहिल्या वेलांटीचे गणगोत एका जागी जमते. अशा यादीत माणूस डोळ्यांनीच शोधावा लागतो. लाभार्थ्यांच्या दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, एक कृतिदेवात आणि एक युनिकोडमध्ये, तर सूत्र आणि फिल्टर दोन्ही हात टेकतात. इथे वाया जाणारा वेळ सेकंदांत मोजता येत नाही, दिवसांत मोजावा लागतो.

म्हणूनच युनिकोडचा आग्रह हा दिसण्याचा किंवा नियमाचा प्रश्न समजणे चूक आहे. शोध, बदल, क्रम, फिल्टर हे वेळ वाचवणारे खरे शॉर्टकट युनिकोडशिवाय मराठीत भरवशाने चालत नाहीत. इनस्क्रिप्ट मांडणीला भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्येच मानकात स्थान दिले. तिच्यात किनवट उच्चाराच्या क्रमाने टंकतात: के, एफ, व्ही, बी आणि एकेरी अवतरणाची कळ, म्हणजे आधी क, मग वेलांटी. रेमिंग्टन टंकयंत्रावर हात बसलेल्या माणसाला वेलांटी आधी टंकायची सवय असते आणि हा उलटफेर त्याला महिनाभर छळतो. त्या महिन्यात त्याचा वेग पडतो, म्हणून तो कृतिदेवाकडे परततो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. लिपिक-टंकलेखकाची पात्रता मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द अशी वेगावर ठरते. टंकलेला मजकूर पुढे शोधता येतो की नाही, हे त्या वेगात मोजले जात नाही.

युनिकोड आले म्हणजे सगळे सुटले असेही नाही. 'ॲड.' हे एकसंध चिन्हाने लिहिता येते किंवा अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखेच, संगणकाला वेगळे. वऱ्हाडातला ऱ्हही दोन रीतींनी उमटतो. परधान ही जमात कुठे परधान, कुठे प्रधान अशी लिहिलेली सापडते, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरे येत नाही. जाणता ऑपरेटर म्हणून शोधाच्या चौकटीत पूर्ण शब्द घालत नाही, 'धान' एवढेच घालतो. हे कोणत्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

शोध न लागण्याचा हा त्रास किनवटच्या दप्तराला नवा नाही. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि राज्यपुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला. निजामी काळातले महसुली कागद उर्दूत, नंतरचे मराठीत, त्यावर कृतिदेवाचा थर आणि सर्वांत वर युनिकोड. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महसूल आणि शाळांच्या जुन्या नोंदवह्या पानोपान उलटाव्या लागल्या. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे गाठावी लागली. स्कॅन करून ठेवलेले पान हे संगणकाच्या दृष्टीने फोटो असते आणि फोटोत कंट्रोल एफ चालत नाही. मोडी ही स्वतः एका अर्थी शॉर्टकटच होती: बोरू न उचलता लिहायचे, नेहमीच्या शब्दांचे पहिले अक्षर लिहून पुढे दोन दंड द्यायचे. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला आणि शतकांनंतर वाचणाऱ्याचा गेला. कृतिदेवातल्या फाइलींचे तेच होते आहे, फरक इतकाच की इथे शतके लागली नाहीत.

वेगाबरोबर चूकही वेगाने पसरते. सरकारी पत्र कोणी कोऱ्या पानावर सुरू करत नाही. मागच्या वर्षीचे उघडतात, बदलतात, नव्या नावाने सेव्ह करतात. त्यात जुना संदर्भ क्रमांक तसाच राहतो, एका गावाच्या पत्रात दुसऱ्या गावाचे नाव जाते. कंट्रोल एच हा शोधून बदलण्याचा शॉर्टकट सर्वांत धोक्याचा. २०२४ च्या जागी २०२५ असे एका फटक्यात सगळीकडे केले की ज्या जुन्या शासन निर्णयाचा हवाला दिला आहे त्याचेही वर्ष बदलते, आणि पत्र न निघालेल्या निर्णयाचा दाखला देऊ लागते. एक्सेलमधल्या कंट्रोल डीने वरच्या ओळीतला मजकूर खाली उतरतो. उत्पन्नाच्या रकान्यात तो चुकून उतरला तर अख्ख्या वस्तीचे उत्पन्न सारखे होते. उलट जमातीचे नाव अधिकृत यादीतून कॉपी करून चिकटवणे हे हाताने टंकण्यापेक्षा केव्हाही चांगले, कारण दाखल्यावरचे एक अक्षर पुढे पडताळणीत आडवे येते. एका वेळी सगळे बदलणाऱ्या बटनाऐवजी एकेक जागा पाहून बदलणारे बटन दाबणे, एवढी शिस्त यात पुरते.

मोठी बचत करणारे दोन उपाय तर शॉर्टकटच्या यादीत मोजलेच जात नाहीत. पहिला ऑटोकरेक्ट. 'एप्रका' टंकले की 'एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, किनवट, जिल्हा नांदेड' उमटावे अशी सोय वर्डमध्ये एकदाच करून ठेवता येते. पन्नासहून अधिक कळा वाचतात आणि शुद्धलेखनाची चूकही टळते. कंट्रोल सीच्या मानाने हा लाभ कितीतरी मोठा. दुसरा मेल मर्ज: तालुक्यातल्या साऱ्या ग्रामपंचायतींना एकच नोटीस पाठवायची, तर मजकूर एक, नावांची यादी एक, आणि पत्रे आपोआप. यादी कृतिदेवात आणि पत्र युनिकोडमध्ये असेल तर मात्र हेही बिनसते आणि नावांच्या जागी भलतीच चिन्हे छापली जातात.

जिथे शॉर्टकट काही करू शकत नाही अशी जागाही मोठी आहे. सर्व्हर मंद असला, ओटीपी येत नसला, संकेतस्थळाने पेस्टच बंद केलेली असली, तर बोटे कितीही चपळ असोत, बसून राहावे लागते. वीज गेली तर वर्डमधले काम कंट्रोल एसच्या सवयीने वाचते. ऑनलाइन अर्जात कंट्रोल एस दाबले तर ब्राउझर फक्त ते पान उतरवून घ्यायला निघतो, भरलेली माहिती सर्व्हरवर पोचत नाही. लांब मजकूर आधी वर्डमध्ये लिहून मग चिकटवणारे ऑपरेटर हा धडा बहुधा एकदा काम बुडाल्यावर शिकलेले असतात. आणि विंडोज एल ही कळ वेळ अजिबात वाचवत नाही, उलट परत आल्यावर पासवर्ड टाकायला लावते; तरी डिजिटल सहीचा डोंगल लावून जेवायला उठणाऱ्याने तीच आधी शिकावी. विंडोज व्हीने उघडणारी कॉपी केलेल्या मजकुराची यादीही अशीच दुधारी आहे. काम सोपे करते, पण सामायिक संगणकावर दिवसभरातले आधार क्रमांक त्यात पडून राहू शकतात.

हे सगळे शिकवायचे कुठे, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ ची. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यातल्या लहानमोठ्या गावांत लाखोंना संगणकाशी पहिली ओळख करून दिली, आणि शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले. टंकलेखनाची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिल्यात संगणक कळतो, दुसरीत बोटे बसतात. ठरावीक टेबलावरचे ठरावीक काम कसे लवकर करावे, हे दोन्हींच्या कक्षेत येत नाही. ते शेजारच्या टेबलावरून कळते: एखादा सहकारी खांद्यावरून वाकून म्हणतो, "अहो, माउस कशाला, टॅब मारा ना," आणि त्या दिवसापासून टॅब कायमचा शिकला जातो. टेबलानुसार चार-पाच कळा निवडून आठवड्याला एक मुरवायची ही रीत तक्त्याहून खात्रीची आहे. आवक-जावकच्या टेबलाला एक्सेलमध्ये आजची तारीख टाकणारी कंट्रोल आणि अर्धविराम ही जोडी, लेखा शाखेला बेरजेची आल्ट आणि बरोबरचे चिन्ह, पत्रव्यवहाराला नवे पान सुरू करणारी कंट्रोल एंटर.

किनवटसारख्या टोकाच्या तालुक्यात बदल्या होत राहतात आणि ही शिकवण माणसाबरोबर निघून जाते. चार्ज देताना शिक्के, चाव्या, नोंदवह्या, संचिका यांची यादी होते, दोघांच्या सह्या होतात. ऑटोकरेक्टच्या नोंदी, पत्रांचे तयार नमुने, युनिकोडमध्ये शुद्ध करून ठेवलेली गावांची यादी यांचा त्यात उल्लेख नसतो. ऑटोकरेक्टच्या नोंदी तर त्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनखालीच साठतात. ते लॉगिन बंद झाले की नवा माणूस 'एकात्मिक' पहिल्या अक्षरापासून टंकायला बसतो, आणि जुन्या संगणकात कृतिदेवातली पत्रे असतील तर तीच उघडून, नाव बदलून, पुन्हा कृतिदेवातच सेव्ह करतो.